रचनाताई आणि पाणकावळ्यांचा गोली

रचनाताई रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जून महिन्यात, कार्डिफ बेवरच्या एका कॅफेबाहेर. भर उन्हात बसून त्या बर्फावरच्या हॉकीवरून भांडत होत्या. समोर सत्तरीचे एक वेल्श गृहस्थ होते. कॉफी दोघांचीही गार झाली होती.

मी पुण्याहून नुकताच आलो होतो. कार्डिफमध्ये नवा मराठी माणूस आला की त्याने रचनाताईंना भेटायचं असतं, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. डॉक्टरकडे नाव कसं घालायचं, कौन्सिलला काय कळवायचं, कुठल्या दुकानात ताजी मेथी येते, हे सगळं त्या सांगतात. त्यांनीच मला कॅफेत बोलावलं होतं. मी टेबलापाशी पोचलो तेव्हा त्यांनी हातानेच बस म्हणून खूण केली आणि त्या गृहस्थांना इंग्रजीत सांगू लागल्या की डिफेन्समधली तीन मुलं पदवी घेऊन गेली, आता ऑक्टोबरात फ्रेशर्समधून कोणी धड स्केटिंग येणारा मिळाला नाही तर गोलीचा पार पुतळा होईल, सगळे येऊन त्याला फटके मारतील.

ते गृहस्थ म्हणजे गेथिन. जन्मभर शहराच्या बस चालवल्या आणि निवृत्तीनंतर सगळं लक्ष विद्यापीठाच्या आइस हॉकी टीमवर लावलं. टीमचं नाव कॉर्मोरंट्स. काळी जर्सी, छातीवर पंख पसरून बसलेला पक्षी. रचनाताई त्यांना सरळ पाणकावळे म्हणायच्या, आणि गेथिनलाही त्यांनी तो शब्द शिकवला होता. तो 'पानकाव्ले' म्हणायचा.

मला वाटलं होतं, सीझन संपला की खेळाचे चाहते गप्प बसतात. ते किती चूक होतं ते त्या दुपारी कळलं. सीझनमध्ये मॅच असते, तिच्याबद्दल बोलून माणूस मोकळा होतो. उन्हाळ्यात बोलायला काहीच नसतं, म्हणून सगळ्याबद्दल बोलता येतं. कोण पास होऊन जाणार, कोण नापास होऊन उरणार आणि त्याचा टीमला कसा फायदा, हे तर होतंच. शिवाय जुने खेळाडू. एक जण स्वॉन्झीला शाळेत शिकवतो, एक मुलगी रेफरी झाली, एक जण ब्रिस्टलला हिशेबनीस झाला आणि त्याचं पोट कसं सुटलं, या सगळ्याची चौकशी. आणि सरतेशेवटी प्रणय.

प्रणय सबनीस हा पाणकावळ्यांचा एकच खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये पोचला होता. इथे विद्यापीठातून तिथे जाणं फार कमी मुलांना जमतं. मुलगा कार्डिफमध्येच जन्मलेला, आईवडील पुण्याचे. इंजिनिअरिंग करता करता तीन वर्षं तो पाणकावळ्यांचा गोली होता. मग ईशान्येकडच्या एका बंदराच्या गावातल्या हार्बर किंग्ज या क्लबने त्याला दुसरा गोली म्हणून घेतलं. पहिला गोली मारेक नावाचा एक स्लोव्हाक, अनुभवी आणि लोखंडासारखा. दोन वर्षांत प्रणयच्या वाट्याला मोजक्याच मॅच आल्या होत्या. गेथिनचं म्हणणं, पोराने आता घरी यावं आणि पाणकावळ्यांना शिकवावं. रचनाताईंना ते अजिबात मान्य नव्हतं. भांडण त्यावर होतं.

माझं डॉक्टरचं आणि मेथीचं काम शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं. पण मी त्या दोघांत अडकलो तो कायमचा.

रचनाताई नागपूरच्या, इंदोऱ्यातल्या. वडील अजनीला रेल्वेत होते. बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांचं कपाट एवढीच घरातली श्रीमंती, असं त्या सांगतात. कॉलेजात असताना मैदानी हॉकी खेळल्या, त्यातही गोली. मग लग्न झालं, आणि नवरा सतीश रामटेके याला कार्डिफच्या कौन्सिलमध्ये रस्त्यांच्या विभागात इंजिनिअरची नोकरी मिळाली तेव्हा दोघं इकडे आली. रचनाताई हॉस्पिटलच्या रक्तपेढीत लागल्या. पहिलं वर्ष त्यांना फार जड गेलं. काम होतं, घर होतं, पण संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं, आणि सतीशराव मुळात दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस.

त्या सुमारास हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एक पोस्टर लागलं. युनिव्हर्सिटी हॉकी, शनिवारी, प्रवेश मोफत. रचनाताई सलवार-कुडता आणि पातळ स्वेटर घालून निघाल्या. दारातून आत गेल्यावर गारठा अंगावर आला तेव्हा त्यांना वाटलं, इथे पाऊस फार म्हणून मैदान छपराखाली घेतलं असेल. मग समोर बर्फ दिसला. माणसं पायाला पाती बांधून सुसाट धावत होती, चेंडूच्या जागी काळी रबरी चकती होती, आणि दोन खेळाडू काचेवर इतक्या जोरात आदळले की ताई दचकून खुर्चीत बसल्या. त्या उठून जाणारच होत्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष गोलीकडे गेलं. त्याने मागे न बघता काठीने आधी डावा खांब ठोकला, मग उजवा. आपण नेमके मधे उभे आहोत ना, एवढं जाणून घेतलं आणि गुडघे वाकवले.

"बाकी सगळा खेळ परका होता," ताई मला म्हणाल्या होत्या, "पण गोली मात्र आमच्या नागपूरचाच होता. मी पण तसेच खांब ठोकायची."

त्या बसून राहिल्या. शेजारी एक बस ड्रायव्हर युनिफॉर्ममध्येच येऊन बसला होता. त्याने या कुडकुडणाऱ्या बाईला आपल्या फ्लास्कमधला चहा दिला आणि नियम सांगायला सुरुवात केली. तो गेथिन. तेव्हापासून पाणकावळ्यांची कार्डिफमधली मॅच या दोघांनी सहसा चुकवली नाही.

आता प्रणयकडे येतो. त्याच जूनमध्ये तो सुट्टीला घरी आला होता. ताईंनी त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं आणि मलाही. मुलगा उंच, खांदे रुंद, आणि मराठी बोलायची हौस दांडगी. फक्त त्याच्या मराठीत नपुंसकलिंग कधी आलंच नव्हतं. उरलेल्या दोन लिंगांचीही तो मनाला येईल तशी वाटणी करायचा. ताईंनी वरणभात, भरली वांगी केली होती. प्रणय भरपूर जेवला आणि मग ताटातल्या ताटात बोट फिरवत म्हणाला की तो हॉकी सोडतोय.

त्याला एडिनबराला फायनान्समधली एक चांगली नोकरी मिळत होती. आईने ती शोधली होती. दुसऱ्या गोलीला मॅचमध्ये काम काय, तर बाकाचं फाटक उघडायचं. खेळाडू बदलायला आले की उघड, गेले की बंद कर.

"मावशी, मी दोन वर्ष फक्त दरवाजा उघडला," तो म्हणाला. "माझी डिग्री आहे. डोअरमन व्हायला मी हॉकी नाही शिकली."

मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघून ते गिळलं. ताईंनी त्याला आणखी भात वाढला. मग पदराला हात पुसत त्याच्यासमोर बसल्या आणि सांगू लागल्या.

नागपूर विद्यापीठाच्या टीममध्ये त्या तीन वर्षं होत्या. तिन्ही वर्षं दुसऱ्या गोली. पहिली गोली आशा म्हणून होती, तिला तोड नव्हती. आंतरविद्यापीठ स्पर्धांना त्या तीनदा गेल्या, रेल्वेच्या डब्यात दाटीवाटीने बसून, आणि तिन्ही वेळा एक मिनिटही मैदानात न उतरता परत आल्या. चौथ्या वर्षी पुन्हा निवड झाली. तेव्हा त्यांनी परीक्षेचं कारण सांगून नकार दिला. परीक्षा होती हे खरं, पण नकार त्यामुळे नव्हता. कंटाळा आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. गल्लीतल्या बायका विचारायच्या, खेळलीस का गं यंदा.

"त्या वर्षी जबलपूरला दुसऱ्याच मॅचमध्ये आशाचं बोट मोडलं," ताई म्हणाल्या. "दुसरी गोली नव्हती. मग फुलबॅकमधल्या एका पोरीला पॅड बांधून उभं केलं. ते पॅड माझे होते रे. मी कॉलेजच्या खोलीत ठेवून दिलेले. सेमी-फायनलला माझे पॅड गेले, आन् मी इंदोऱ्यात स्वयंपाक करत होती. मी असती तं जिंकलो असतो असं नाही म्हणत मी. हरलो पण असतो. पण तिथं मी असती."

सतीशरावांनी हातातला घास ताटात ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली, हे दिसत होतं. प्रणयने विचारलं, "मावशी, नंतर तो पॅड परत मिळाली?"

"मिळाले. एकाचा पट्टा तुटला होता."

आठवड्याभराने त्याने क्लबशी आणखी एका वर्षाचा करार केला, आणि एडिनबराच्या नोकरीला नाही कळवलं.

दुसऱ्याच संध्याकाळी प्रणयची आई ताईंच्या दारात उभी राहिली. चैत्राली सबनीस एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, नीटनेटक्या, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्या आत आल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "तुमची हौस तुम्ही माझ्या मुलाकडून भागवून घेताय, रचनाताई. वर्ष त्याचं जाणार आहे."

ताईंनी शांतपणे सांगितलं की निर्णय त्याचा आहे, त्यांनी फक्त स्वतःची गोष्ट सांगितली. पण आत येऊन त्या बराच वेळ ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या, असं सतीशराव नंतर मला म्हणाले. त्या माणसाने आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. चैत्रालीताई त्यानंतर महिनोन् महिने ताईंशी बोलल्या नाहीत. दिवाळीच्या कार्यक्रमात समोरासमोर आल्या तरी मान वळवून गेल्या. ताईंना ते लागलं. आपण बोलायला नको होतं का, असं त्यांनी मला दोनतीनदा विचारलं.

सीझनने तर चैत्रालीताईंचीच बाजू घेतली. शरदात प्रणयला कपच्या दोन मॅच मिळाल्या, त्यातल्या एकीत त्याने सहा गोल खाल्ले. गेथिनने ती मॅच लॅपटॉपवर पाहिली आणि पुढचे दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. नंतर हिवाळाभर प्रणय फाटक उघडत राहिला. इकडे पाणकावळे नव्या पोरांना घेऊन धडपडत होते, हरत होते, मधूनच एखादी मॅच जिंकत होते, आणि आम्ही तिघं दर वेळी त्याच जागांवर बसून ओरडत होतो. मीही आता काळी जर्सी घेतली होती.

मार्चअखेर हार्बर किंग्ज कसेबसे प्लेऑफमध्ये शिरले. प्लेऑफ म्हणजे सीझनभराची कमाई बाजूला ठेवून नव्याने पैज लावणं. वर्षभर पहिला आलेला क्लबही एका वाईट संध्याकाळी घरी जातो. दोन मॅचच्या क्वार्टर-फायनलला किंग्जने आपल्याहून कितीतरी वरच्या टीमला धूळ चारली. मारेकने दोन्ही मॅचमध्ये भिंत उभी केली होती. आता एप्रिलमधल्या शनिवारी नॉटिंगहॅमला सेमी-फायनल, आणि जिंकले तर रविवारी तिथेच फायनल.

आणि त्याच रविवारी कार्डिफमध्ये आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. चौदा तारीख आठवड्यात मधेच आली होती म्हणून हॉल पुढच्या रविवारचा घेतला होता. सूत्रसंचालन दर वर्षीप्रमाणे रचनाताईंकडे. एडिनबराहून डॉ. निधी गजभिये व्याख्यानाला येणार होत्या. ताईंनी नॉटिंगहॅमला न जाण्याचं ठरवून टाकलं होतं. शनिवारी कितीतरी कामं असतात. तेव्हा सतीशराव बोलले.

"तू जा," ते म्हणाले. "खुर्च्या, माइक मी बघतो. भाजी चिरायला मला येते."

शनिवारी सकाळी गेथिनची गाडी निघायच्या बेतात होती. ताई पुढे बसल्या होत्या, मी मागे. तेवढ्यात कोपऱ्यावरून चैत्रालीताई येताना दिसल्या. हातात छोटी बॅग. त्यांचे यजमान कामासाठी परदेशी होते आणि ट्रेन रद्द झाली होती. त्यांनी ताईंकडे न बघता मला सांगितलं की त्या फक्त प्रणयला भेटायला येतायत, मॅच बघायला नाही. मी सरकून जागा दिली.

गाडीत पहिला तासभर गेथिन एकटाच प्लेऑफचं गणित मांडत होता. रचनाताईंनी नागपुरी सांबारवड्या आणल्या होत्या. सांबार म्हणजे आमच्या पुण्याची कोथिंबीर. त्यांनी डबा मागे दिला. चैत्रालीताईंनी नको म्हटलं. वूस्टर मागे पडल्यावर त्यांनी एक घेतली. बर्मिंगहॅमच्या अलीकडे दुसरी घेतली आणि विचारलं, "यात खसखस घालता का तुम्ही?" ताईंनी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं, पण गाडीतली हवा बदलली.

नॉटिंगहॅमच्या त्या अरेनाबाहेर जत्रा होती. हरून घरी गेलेल्या टीम्सचे चाहतेही आपापली जर्सी घालून आले होते. ढोल, शिंगं, रंगवलेले चेहरे, कुणाच्या डोक्यावर प्लास्टिकचा मासा. आमच्या पाणकावळ्यांच्या जर्सीकडे बघून लोक विचारायचे, ही कुठली टीम. गेथिन प्रत्येकाला थांबवून सांगत होता की हार्बर किंग्जच्या बाकावर आमचा मुलगा आहे. चैत्रालीताई ते ऐकत होत्या.

समोर मिडलँड्समधला एक बलाढ्य क्लब होता, लाल जर्सीवाले. तीन पिरियडांपैकी पहिला संपला तेव्हा एक-एक. मारेक नेहमीसारखाच ठाम होता. प्रणय बाकाच्या टोकाला, टोपी घालून, फाटक उघडत होता, लावत होता. चैत्रालीताई मॅच बघत नव्हत्या, फक्त त्याच्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या पिरियडच्या मध्यावर लालवाल्यांचा एक धिप्पाड खेळाडू तोल जाऊन थेट मारेकवर येऊन पडला. दोघं गोलसकट मागे घसरत गेले. धिप्पाड उठला. मारेक उठला नाही. तो गुडघा धरून आडवा पडला होता. हजारो माणसं असूनही क्षणभरात सगळं अरेना चिडीचूप झालं. दोघांनी खांद्यांना आधार देऊन त्याला बाहेर नेलं.

"आता काय होतं?" चैत्रालीताईंनी विचारलं.

"आता प्रणय," रचनाताई म्हणाल्या.

बाकाच्या टोकाला टोपी गेली, मुखवटा आला. तो फाटकातून बाहेर पडला, आणि या वेळी ते दुसऱ्या कुणीतरी लावलं. चैत्रालीताईंनी रचनाताईंचं मनगट घट्ट धरलं होतं. मला वाटतं, त्यांना ते कळलंही नसेल.

पहिलाच फटका आत गेला. लांबून मारलेला साधा फटका, कुणाच्या तरी पायाला लागून वळला आणि जाळ्यात. दोन-एक. लाल जर्सीवाले नाचू लागले. गेथिनने टोपी डोळ्यांवर ओढली. मी ताईंकडे पाहिलं. त्या पुटपुटत होत्या, "गेला तो गेला. आता पुढचा. पुढचा बघ."

पुढचा त्याने अडवला. त्याच्या पुढचाही. मग लालवाल्यांनी असा काही मारा सुरू केला की श्वास घ्यायला फुरसत मिळेना. एक फटका त्याने छातीवर घेतला, एक काठीने वळवला, एकदा तर तो पूर्ण आडवा पडला होता आणि चकती रिकाम्या जाळ्याकडे चालली होती, तेव्हा त्याने पाय असा मागे फेकला की पॅडच्या टोकाला लागून ती खांबावर आपटली. त्या आवाजाने चैत्रालीताई उभ्या राहिल्या त्या नंतर बसल्याच नाहीत. तिसऱ्या पिरियडमध्ये त्या मराठीत सूचना देऊ लागल्या. "डावीकडे. अरे, डावीकडचा मोकळा आहे, त्याला कोणीतरी धरा." आजूबाजूच्या गोऱ्यांना शब्द कळत नव्हते, पण बाई बरोबर बोलतायत हे कळत असावं. पुढच्या रांगेतला एक जण मान डोलावत होता.

वेळ संपत आली असताना किंग्जने बरोबरी साधली. धक्काबुक्कीतून कुणाच्या तरी काठीला लागून चकती रेषेपलीकडे घरंगळली, इतकी हळू की पंचांनी व्हिडिओ पाहून निर्णय दिला. मग जादा वेळ. आता जो आधी गोल करेल तो जिंकला.

जादा वेळात लालवाल्यांचा एक जण मधूनच सुटला. समोर फक्त प्रणय. सगळं अरेना उभं राहिलं. लालवाल्याने उजवीकडे हूल दिली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. प्रणय हललाच नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तो तसाच वाकून उभा, आणि फटका सुटला तसा त्याचा हातमोजा वर गेला आणि चकती त्यात येऊन बसली. त्याने खेळ थांबू दिला नाही. चकती खाली टाकली, पुढे ढकलली, किंग्जचे तिघं धावले, आणि आम्ही अजून प्रणयकडेच बघत असताना दुसऱ्या टोकाला लाल दिवा पेटला. गोल.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गेथिन माझ्या गळ्यात पडला होता. रचनाताई आणि चैत्रालीताई एकमेकींना धरून रडत होत्या, मधेच हसत होत्या. खाली बर्फावर किंग्जच्या निळ्या जर्सींचा ढीग झाला होता आणि त्या ढिगाच्या तळाशी कुठेतरी प्रणय होता.

तासाभराने तो बाहेर आला. केस ओले, डोळे चमकत होते. आईने त्याला पोटाशी धरलं. तो ताईंना म्हणाला, "मावशी, मी घाबरली होतो. मग विसरलो." आणि मग, "सांबारवडी उरला आहे का?"

ताईंना परतायचं होतं. चैत्रालीताई फायनलसाठी तिथेच राहिल्या. आम्ही गाडीत बसताना त्यांनी ताईंच्या हाताला धरलं आणि म्हणाल्या, "मी तुमच्या दारात जे बोलले..." ताईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "उद्या झोपू द्या त्याला उशिरापर्यंत," एवढंच सांगितलं.

रविवारी हॉल भरला होता. निळे झेंडे, बाबासाहेबांच्या फोटोला हार, वंदना, मुलांची भाषणं. ताई पांढऱ्या साडीत माइकपाशी उभ्या होत्या आणि आदल्या दिवशीच्या ओरडण्याने त्यांचा आवाज पुरता बसला होता. लोकांना वाटलं, भावनेने दाटून आला. गेथिन सूट घालून आला होता. व्याख्यान सुरू असतानाच फायनल सुरू झाली, तेव्हा तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेला. त्यानंतर हॉलमधल्या माणसांना एकाएकी तहान लागू लागली. दोन जण पाणी प्यायला गेले, ते परत येईनात. त्यांना बघायला चार गेले. सतीशराव तर पुऱ्या तळायला म्हणून आधीच आत होते.

डॉ. निधींनी व्याख्यान संपवलं आणि ताईंना हळूच विचारलं की लोक आत काय बघतायत. कळल्यावर त्या म्हणाल्या, पडद्यावरच लावा ना. ताईंनी मान हलवली. जयंतीच्या मंचावर हॉकी नाही. त्यांनी राहिलेला कार्यक्रम नीट पार पाडला, घाई न करता, शेवटच्या वंदनेपर्यंत. सगळ्यांना जेवणासाठी सोडलं, आणि मगच मला म्हणाल्या, "अपूर्व, आता लाव."

पडद्यावर तिसरा पिरियड चालू होता. किंग्ज तीन विरुद्ध दोन असे मागे होते. ज्यांनी आयुष्यात कधी आइस हॉकी पाहिली नव्हती अशी दीडशे माणसं हातात पुरीभाजीच्या प्लेट घेऊन उभी होती. त्यांना एवढंच सांगितलं होतं की मुखवट्यातला तो आपला कार्डिफचा प्रणय. तो अडवायचा आणि हॉल दणाणायचा. शेवटची दोन मिनिटं उरली आणि प्रणय एकदम गोल सोडून बाकाकडे धावत सुटला.

"अरे, पळाला काहून?" मागून एक आजोबा ओरडले.

ताईंनी बसलेल्या आवाजात माइकवरून समजावलं की तो पळाला नाही. हरत असताना गोलीला बाहेर घेतात आणि त्याच्या जागी हल्ल्याला एक जादा माणूस पाठवतात. मागे गोल उघडा पडतो, पण आता गमावण्यासारखं काही नसतं. आजोबांना ते फार आवडलं. त्यांनी शेजाऱ्याला पुन्हा समजावून सांगितलं.

किंग्जने सगळं करून पाहिलं. एक फटका आडव्या खांबाला लागून वर उडाला आणि तिथेच वेळ संपली. दोन-तीन. हार. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ती बराच वेळ थांबली नाही. पडद्यावर प्रणय मुखवटा काढून प्रेक्षकांपुढे काठी उंचावत होता.

संध्याकाळी हॉल आवरताना ताई पातेली घासत होत्या तेव्हा फोन वाजला. हात साबणाने भरले होते म्हणून मी तो स्पीकरवर लावला. चैत्रालीताई होत्या. आवाज त्यांचाही बसला होता. मारेकच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार, तो नाताळपर्यंत उभा राहणार नाही, आणि कोचने आजच प्रणयला सांगितलं की पुढच्या सीझनला पहिला गोली तूच. प्रणयने तिथल्या तिथे हो म्हटलं होतं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" ताईंनी विचारलं.

"मी काय म्हणणार?" चैत्रालीताई म्हणाल्या. "पण रचनाताई, त्यांचा तो डावीकडचा डिफेन्समन बदलायलाच हवा. तिसरा गोल सरळसरळ त्याच्यामुळे झाला. तुम्ही पाहिलंत ना?"

ताईंनी पाहिलं होतं, पण त्यांच्या मते चूक उजवीकडच्याची होती. गेथिन खुर्च्या रचता रचता थांबला आणि काय चाललंय ते मला इंग्रजीत विचारू लागला. मी सांगितल्यावर त्याचं तिसरंच मत निघालं आणि तो फोनपाशी येऊन उभा राहिला. सीझन संपून तीन तासही झाले नव्हते. त्यांचं बोलणं आटपेपर्यंत सतीशरावांनी उरलेली पातेली घासून पालथी घातली.